डावा कौल

डावी कळी घसरली आणि देवीच्या पायाशी येऊन पडली.

धाकू गुरवाचे जोडलेले हात तसेच राहिले. त्यानं एकदा वाघजाईच्या काळ्या पाषाणाकडे पाहिलं, एकदा आप्पांकडे. ओल्या कळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना त्यानंच लावल्या होत्या आणि गाऱ्हाणंही त्यानंच घातलं होतं. "आई म्हाराजा, ह्या घरचा थोरला ल्योक दुकन्यात हाय. दोनी किडन्या बसल्या त्येच्या. धाकटी लेक आपली एक काढून त्येला द्याया निघालीय. द्यावी आसं तुज्या मनात आसंल तर उजवी सोड, देऊ नये आसंल तर डावी सोड. काय चुकलं-माकलं तर पदरात घे गो आये." मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं होतं.

उमानंही म्हटलं होतं. अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव बोलत फिरणाऱ्या माणसाशी सोळा वर्षं संसार केलेली उमा आज पहाटे न्हाऊन, कोरं पातळ नेसून सासऱ्यांच्या, आप्पांच्या, मागोमाग देवळात आली होती. आप्पांनी ऑगस्टातच सांगून टाकलं होतं, कौल घेतल्याशिवाय वैदेहीला पाठवणार नाही. आता कार्तिक लागला होता. नवऱ्याला, हरिहरला, आठवड्यातून दोनदा जीपमध्ये घालून आंबा घाटातून कोल्हापूरला डायलिसिसला न्यायचं आणि परत आणायचं, हे करून उमाची हाडं खिळखिळी झाली होती. तिचा रक्तगट जुळत नव्हता. आप्पांना मधुमेह. जुळली होती ती फक्त हरिहरची बहीण, वैदेही.

उमानं वैदेहीकडे पाहिलं. कळी पडल्याबरोबर तिचे खांदे खाली आले होते. कितीतरी वेळ कोंडून ठेवलेला श्वास तिनं हळूच सोडला होता. क्षणभरच. पण उमाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

"एका गोष्टीला एकच कौल, उमा," आप्पा म्हणाले.

"मग दुसरी विचारते. हे वाचणार का, ते विचारा देवीला."

धाकूनं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मान हलवली. पुन्हा कळ्या बुडवल्या, पुन्हा खांद्यांना लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं झालं. या वेळी फार थांबावं लागलं नाही. उजवी कळी सरळ खाली आली.

आप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बघितलंत? पोरीला हात लावू नका म्हणत्येय, पण पोरगा वाचणार आहे. आई दुसरी वाट दाखवत्येय आपल्याला."

बाहेर पायरीवर हरिहर बसला होता. वीस वर्षांत त्यानं देवळाचा उंबरा ओलांडला नव्हता. आजही ओलांडला नसता, पण दोन पायऱ्या चढूनच त्याला धाप लागली होती, त्यामुळे तो प्रश्न आपोआपच मिटला होता. त्याचा चेहरा सुजलेला होता, चपला पायांत मावत नव्हत्या. त्यानं बाहेर येणाऱ्या एकेकाचा चेहरा पाहिला. सगळ्यांत जास्त वेळ त्यानं वैदेहीचा पाहिला.

"डावा ना?" त्यानं विचारलं.

*

दुपारी ओटीवर पानं मांडली गेली. आप्पांची विधवा बहीण गंगूआत्या वाढत होती. हरिहरच्या पुढ्यात अळणी भात आणि पाण्याचं अर्धं भांडं. तेवढंच त्याला चालत होतं.

"उद्यापासून कोल्हापूर बंद," आप्पा म्हणाले. ते कधी नव्हे एवढे मोकळेपणानं जेवत होते. "मंडणगडच्या अलीकडे एक वैद्य आहे. झाडपाल्याचं पाळं देतो. केळशीच्या एका माणसाची सूज त्यानं पंधरवड्यात उतरवली म्हणतात. देवीनं वाचणार म्हणून सांगितलंय, तर आता हा यंत्राचा छळ कशाला?"

उमाच्या हातातला घास हातातच राहिला. देवळात तिला वाटलं होतं, डाव्या कौलासमोर उजवा कौल उभा केला तर तिचं पारडं जड होईल. आता तोच उजवा कौल नवऱ्याच्या नरड्याला लागत होता. डायलिसिसच्या दोन खेपा चुकल्या तर काय होतं, ते तिनं एकदा पाहिलं होतं. जुलैत दरड कोसळून घाट बंद झाला होता, तेव्हा.

"आप्पा, कोल्हापूर बंद करायचं नाही," ती म्हणाली. "आणि वैदेहीचं ठरलेलं आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी जानेवारीतली तारीख दिलीय."

"ठरलेलं होतं," अजिंक्य म्हणाला.

वैदेहीचा हा नवरा मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होता. सहा महिने समुद्रावर, तीन-चार महिने घरी. एरवी सासुरवाडीत तो दोन वाक्यांपलीकडे बोलत नसे. "देवीनं नको म्हटलं, विषय मिटला. हॉस्पिटलवाले नवऱ्याची सही मागतात. मी करणार नाही."

"ओल्या कळ्या, अजिंक्यराव. गुळगुळीत दगडावर चिकटवलेल्या," उमा म्हणाली. "एक कधीतरी पडणारच. त्यावर माणसाचा जीव टांगायचा?"

"मग वहिनी, दुसरी कळी लावायला तुम्ही का सांगितलीत?"

उमानं हातातला घास पानात ठेवला. गंगूआत्या भाताचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली.

अजिंक्यनं आता हरिहरकडे मोर्चा वळवला. बोलताना त्याची नजर पानावरच होती. "दादा, मागल्या वर्षी रत्नागिरीला तुमचं व्याख्यान होतं. मी आलो होतो. तुम्ही म्हणालात, माणसाला वाटतं आपण ठरवलं, पण मेंदूत ते आधीच ठरून गेलेलं असतं. स्वतंत्र इच्छा वगैरे सगळा भास. म्हणालात ना? मग वैदेहीनं ठरवलं काय आणि कळीनं ठरवलं काय, फरक कुठे राहिला?"

हरिहर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. असे प्रश्न तो मुलांना मुद्दाम विचारायला लावायचा आणि उत्तर देताना त्याच्या डोळ्यांत चमक यायची. आज त्यानं नुसतंच पाण्याचं भांडं उचललं, एक घोट घेतला, उरलेलं पाणी किती आहे ते पाहिलं आणि भांडं खाली ठेवलं.

"फरक आहे," तो म्हणाला. "कळीला भीती वाटत नाही."

"म्हणजे?"

"निर्णय आभाळातून पडत नाही, त्याला कारणं असतात, एवढंच मी म्हणालो होतो. कोण काय बोललं, कोण रडलं, कोणी धाक घातला, ते सगळं पारड्यात पडत असतं. वैदूच्या पारड्यात आपण सगळ्यांनी मिळून एवढं टाकलंय, की तिचं स्वतःचं काही टाकायला जागाच ठेवली नाही. उमानं टाकलं. आप्पांनी टाकलं. मी तर तिच्यासमोर नुसतं सुजलेलं तोंड घेऊन बसलो, तेही टाकणंच." तो दम खायला थांबला. "तेव्हा मला कौल मान्य आहे. वैदूची किडनी घ्यायची नाही. कोल्हापूरला मात्र मी जाणार, आप्पा. ते बंद नाही."

उमा पानावरून उठली. हात न धुताच आत गेली.

आप्पांना काय वाटावं ते कळेना. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी या एका वाक्याची वाट पाहिली होती. मॅट्रिकच्या वर्षी हरीनं जानवं काढून खुंटीला अडकवलं तेव्हापासून. लग्न नोंदणी पद्धतीनं केलं, आईच्या दहाव्याला कावळा शिवायची वाट न पाहता घरी निघून आला, तेव्हाही त्यांनी मनाला समजावलं होतं, कधीतरी हा वळेल. आज तो भर पंगतीत "मला कौल मान्य आहे" म्हणाला, आणि आप्पांना आनंद होईना. वर्षानुवर्षं मागितलेलं नाणं हातावर पडावं आणि ते खोटं निघावं, तसं त्यांना झालं.

"हरी, तू देवीला मानत नाहीस. मग कौल कसा मानतोस? चेष्टा चालवल्येस?"

"चेष्टा नाही, आप्पा."

"मग खोटं बोलतोस."

वैदेही खाली मान घालून बसली होती. तिनं ताटाला नमस्कार केला, उठली आणि मागच्या दारानं बागेत निघून गेली.

*

पोफळीच्या बागेत पाटाच्या कडेला एक जांभ्याचा चिरा होता. लहानपणी वैदेही रुसली की तिथं जाऊन बसायची आणि दादा तिला हाका मारत यायचा. आताही तो येत होता. हाका मारण्याइतका दम नव्हता, म्हणून नुसताच. एका पोफळीला हात टेकायचा, थांबायचा, पुढच्या पोफळीपर्यंत यायचा. तिनं उठून आधार दिला नाही. तिला राग आला होता.

"खोटं बोललास," तो जवळ आल्यावर ती म्हणाली.

"हो."

"माझ्यासाठी?"

"हो." तो चिऱ्यावर टेकला. "वैदू, मी जन्मभर म्हणत आलो की कौल म्हणजे माणसाला मूर्ख बनवणं. आज तू देवळातून बाहेर आलीस तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, लोकांना तो कशाला लागतो. माणसाला नाही म्हणायचं असतं. म्हणवत नाही. मग दगडाकडून म्हणवून घेतात. मला वाटलं, तेवढी सवलत तुलाही मिळू दे."

"म्हणजे तू मला भीक घातलीस."

हरिहरनं पायाजवळची एक सुपारी उचलून पाटात टाकली.

"हो, मला बरं वाटलं," वैदेही म्हणाली. तिचा आवाज चढला. "कळी पडली आणि मला बरं वाटलं. वहिनींनी ते पाहिलं. तू पाहिलंस. पण मी नाही कुठे म्हणाले होते? मला कुणी विचारलंच नाही. रक्त जुळलं त्या दिवशी वहिनींनी मला मिठी मारली, झालं, तेच माझं उत्तर. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. वहिनी म्हणाल्या, एका किडनीवर माणूस शंभर वर्षं जगतो. आप्पा म्हणाले, देवी बघून घेईल. सगळे मला वेदसारखं समजावतात. माझा वेद सहा वर्षांचा आहे, दादा. मी चौतीस." ती थांबली. "आता तू सांग. यात मी मरू शकते का?"

हरिहरच्या घशाशी 'नाही' आलं होतं. त्या एका शब्दानं काम झालं असतं. ती कदाचित तयारही झाली असती. त्यानं पाटाच्या वाहत्या पाण्याकडे पाहिलं. दिवसभरात त्याला प्यायला मिळायचं त्याच्या कितीतरी पट पाणी त्याच्या पायांशी वाहत होतं.

"हो," तो म्हणाला. "मरू शकतेस."

वैदेही त्याच्याकडे बघत राहिली.

"तीन हजारांत एक, असं बाहेरच्या देशांतल्या अभ्यासात आहे. आपल्याकडचा आकडा मला माहीत नाही. थोडा जास्तच धर."

"आणि तो एक मी असले तर?"

"तर वेदला आई नसेल. आणि मी तुझी किडनी घेऊन जगत असेन."

"माझी किडनी तुला लागू पडली नाही तर?"

"दहातल्या एखाद्याची पहिल्या वर्षातच निकामी होते. तसं झालं तर तुझी फुकट गेली."

"आणि मी दिली नाही तर?"

"डायलिसिसवर काही माणसं पाच-दहा वर्षं काढतात. मी काढीन असं आता मला वाटत नाही. पण तेही नक्की सांगता येत नाही, वैदू. नक्की असं मला काहीच सांगता येत नाही. नक्की सांगणारा हवा असेल तर तो धाकू आहे."

तिला हसू आलं आणि त्याचबरोबर रडूही आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोललं होतं. ती मरू शकते, हे कुणीतरी तोंडानं म्हणालं होतं. भीती कमी झाली नाही. पण आतापर्यंत ती अंधारातल्या खोलीसारखी होती, भिंती कुठे आहेत तेच कळत नव्हतं. आता निदान त्या हाताला लागत होत्या.

"तुला काय हवंय?" तिनं विचारलं. "पारडं-बिरडं सोड. तुला?"

हरिहरनं तोंड फिरवलं.

"मला जगायचंय गं," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "हे मी बोलायला नको होतं. आता हेही त्यात पडणार."

"पडू दे," वैदेही म्हणाली. "खरं आहे ना ते?"

*

दिवेलागणीला तिनं अजिंक्यला विहिरीपाशी गाठलं. तो रहाटाच्या चाकाला तेल घालत होता. सासुरवाडीला आला की त्याला असलं काहीतरी काम लागायचं. नुसतं बसणं त्याला जमत नसे.

"मी देणार आहे," ती म्हणाली.

त्याचा हात थांबला नाही. "देवीनं नको म्हटलंय."

"देवीला मी काही विचारलंच नव्हतं. आप्पांनी विचारलं, वहिनींनी विचारलं. मी मागे उभी होते."

"वैदेही, मी सही करणार नाही."

"का?"

"कौल—"

"कौल बाजूला ठेवा हो. बोटीवर इंजिन बंद पडतं तेव्हा तुम्ही कळ्या लावता?"

त्यानं तेलाची बुधली कठड्यावर आदळली. "इंजिन बंद पडलं तर मला कळतं काय करायचं! मी स्वतः खाली उतरतो, स्वतः बघतो. इथे मी काय बघणार? तुला आत नेतील, दार लावून घेतील. आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी मी बोटीवर. मी आफ्रिकेच्या पलीकडे असेन आणि निरोप येईल. गेल्या खेपेला आमच्या एकाला आला होता तसा. पोचायला त्याला अकरा दिवस लागले. सगळं उरकलेलं होतं तोपर्यंत. तो डेकवर बसून—" तो बोलायचा थांबला.

वैदेही जवळ आली. "हे मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

"मग असं बोला ना. मला भीती वाटते, म्हणून नको. ते मला समजतं. मलाही वाटते. सकाळी तुम्ही कळीच्या मागे लपलात, मीही लपले. दादासुद्धा माझ्यासाठी तिथेच जाऊन लपला. एवढीशी कळी ती, किती जणांना पुरणार?"

अजिंक्यनं रहाटाला हात लावला. चाक न कुरकुरता फिरलं. त्याच्या मनात सकाळपासून एक गोष्ट होती, ती त्यालाच कबूल करवत नव्हती. कळी डावी पडावी म्हणून तो देवळात मनातल्या मनात नवस बोलला होता. आणि ती पडल्यावर त्याला देवीचा आधार वाटण्याऐवजी चोरी केल्यासारखं वाटलं होतं.

"धोका किती?" त्यानं विचारलं.

तिनं दादानं सांगितलेलं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. किडनी फुकट जाऊ शकते, तेही सांगितलं.

"उद्या तू नाही म्हणालीस तर दादा काही बोलतील?"

"नाही बोलणार."

"मग कशाला देतेस?"

वैदेहीनं विचार केला. "ते मला नीट सांगता येणार नाही. दुपारपर्यंत वाटत होतं, द्यावीच लागणार. मग वाटलं, सुटले. आता दोन्ही नाही. आता नुसतं वाटतंय की द्यावी."

घरात गंगूआत्यानं दिवा लावला होता. अजिंक्यनं कठड्यावरची बुधली उचलून तिचं बूच लावलं.

"ह्या खेपेला मी बोटीवर जात नाही," तो अखेर म्हणाला. "सही करतो. पण मला हे आवडलेलं नाही. तेवढं लक्षात ठेव."

"ठेवते."

ओटीवर आप्पा झोपाळ्यावर होते, हरिहर खांबाला टेकून. उमा दाराच्या आत, अंधारात. दुपारपासून ती नवऱ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. वैदेही ओटीच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिला वाटलं होतं आवाज कापेल, पण तो कापला नाही.

"आप्पा, मी दादाला किडनी देणार आहे. कौल डावा आला तरी. उजवा आला असता तरी तो आला म्हणून दिली नसती. देवीला यात आणू नका. काही वाईट झालं तर तिचा कोप म्हणायचं नाही आणि चांगलं झालं तर तिला ओटी भरायची नाही. हे माझं आहे."

उमा बाहेर आली. तिचे हात पुढे झाले होते, आणि मघाच्या रागाचं काय करावं ते त्या हातांना कळत नव्हतं.

"वहिनी, आता काही बोलू नका," वैदेही म्हणाली. "आभार तर मुळीच मानू नका. माझा धीर जाईल."

उमा जागच्या जागी थांबली. मग खाली बसली आणि तोंडाला पदर लावला.

आप्पांनी पायानं झोपाळा थांबवला. "मी मुंबईला येणार नाही," ते म्हणाले. शब्द सावकाश, एकेक करून आले. "चार पिढ्या या घरानं देवीचा शब्द मोडलेला नाही. तो मोडला जात असताना मी तिथं बाकावर बसून राहू शकत नाही."

"तुम्ही यावं असं मी म्हणत नाही, आप्पा."

"पुरतं ऐक. तुम्ही तिथे आत जाल, त्या वेळी मी तिच्यापुढे जाऊन बसणार आहे."

"प्रार्थना करायला?" हरिहरनं विचारलं. त्याच्या आवाजात टोचणी नव्हती.

"नाही," आप्पा म्हणाले. "भांडायला."

*

जानेवारीतल्या त्या दिवशी आप्पा उजाडताच देवळात येऊन बसले. अंगावर शाल, समोर वाघजाई. भांडायचं म्हणून आले होते, पण तोंडातून शब्द फुटेना. आयुष्यभर त्यांनी तिच्याकडे मागितलं होतं, कबूल केलं होतं, क्षमा मागितली होती. तिच्याशी भांडायची भाषाच त्यांना येत नव्हती.

धाकू झाडलोट करून आला. "आप्पानू, कौल लावू?"

"नको. विचारून झालंय."

दुपारी गंगूआत्या पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून आली. घरच्या फोनवर उमा बोलली होती. हरीचं ऑपरेशन झालं. नवी किडनी तिथल्या तिथे चालू झाली. डॉक्टर म्हणाले, उत्तम.

"आणि वैदू?"

आत्यानं पदर चाचपला. "तिला बाहेर आणलं होतं. पण आतून रक्त यायला लागलं म्हणे. पुन्हा आत नेलीय."

धाकू तिथेच खांबाशी होता. तो काही बोलला नाही, फक्त देवीकडे बघून त्यानं दोन्ही कान पकडले. त्याला जे वाटलं तेच आप्पांनाही वाटलं होतं. आईनं सांगितलं होतं. नको म्हणून सांगितलं होतं. तिचं खरं होणार होतं.

आत्या परत फोनपाशी गेली. आप्पा पाषाणाकडे पाहत राहिले. त्या काळ्या, शेंदूर माखलेल्या चेहऱ्यावर त्यांना काहीच दिसेना, दया नाही, रागही नाही. वैदू तीन वर्षांची असताना तिला याच दगडासमोर ठेवून त्यांनी म्हटलं होतं, ही तुझी. आता त्यांच्या मनात शब्द आला, 'खोटी पड.' तो आला आणि त्यांचं अंग शहारलं. देवी खोटी ठरावी असं त्यांना जन्मात पहिल्यांदाच वाटत होतं, आणि तेही तिच्याच पुढ्यात बसून. त्यांनी तो शब्द मागे घ्यायचा प्रयत्न केला. मागे जाईना. मग त्यांनी तो सोडूनच दिला, आणि मोठ्यानं म्हणाले, "खोटी पड गो आये. एवढी एकदा खोटी पड."

धाकूनं ऐकलं आणि तो बाहेर निघून गेला.

ऊन सभामंडपातून सरकून पायऱ्यांवर गेलं. आप्पांनी पाणी घेतलं नाही, गोळी घेतली नाही. पाखाडीवर पावलं वाजली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलंही नाही. आत्याला धाप लागली होती.

"अजिंक्यरावांनी स्वतः फोन केला," ती म्हणाली. "रक्त थांबलं. शुद्धीवर आल्येय. त्यांच्याशी बोलली म्हणे."

"काय बोलली?"

"वेदला आज शाळेत पाठवलं का, विचारलंन."

आप्पांनी डोळे मिटले. शाल खांद्यावरून घसरली ती त्यांनी सावरली नाही. धाकू परत आत आला होता. त्याचे डोळे भरले होते. त्यानं देवीपुढे लोटांगण घातलं आणि उठून म्हणाला, "आईची किरपा, आप्पानू. आईनं राकलान पोरीला."

आप्पा गुडघ्यांवर हात टेकून उठले. उठायला वेळ लागला.

"नाही रे, धाकू," ते म्हणाले. "तिनं नको म्हणून सांगितलं होतं. हे पोरीनं केलं."

मग सवयीनं त्यांचे हात जोडले गेले. घंटा न वाजवता ते पायऱ्या उतरले.